गर्भपिशवी, हार्मोन्स आणि अल्झायमर : ऐन तिशीतल्या ऑपरेशनचा म्हातारपणीच्या स्मरणशक्तीशी काय संबंध?

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातला एक आकडा समोर आला आणि राज्यभर खळबळ उडाली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ महिलांची सरकारी पाहणी झाली होती. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक.

तेव्हा बरीच चर्चा झाली. मुकादम, खाडा पडला की कापले जाणारे पैसे, 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी घातली जाणारी भीती, खासगी दवाखाने. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हाडं ठिसूळ होणं, कंबर दुखणं, अंगातून वाफा निघणं या त्रासांबद्दलही बोललं गेलं. एका अवयवाबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही, तो म्हणजे मेंदू.

हा प्रश्न फक्त बीडचा किंवा फक्त ऊसतोडीचा नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात 'पिशवी काढली' हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला खुलताबाद तालुकाही त्याला अपवाद नाही. समजा, इथल्याच एखाद्या गावातली बाई आहे. पस्तिसाव्या वर्षी अंगावरून जास्त जातं म्हणून तिची पिशवी काढली. आज ती बासष्ट वर्षांची आहे. तेच ते चारदा विचारते, दूध गॅसवर ठेवून विसरते, परवा शेतातून घरी येताना वाट चुकली. घरचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. त्या जुन्या ऑपरेशनचा आणि आजच्या विसरण्याचा काही संबंध असेल का, हा विचार कुणाच्या मनात येत नाही.

संशोधक मात्र गेली वीसेक वर्षं नेमका हाच प्रश्न विचारत आहेत.

आधी अल्झायमर म्हणजे काय ते पाहू

वय झालं की थोडंफार विसरायला होतंच. भाजीत मीठ घालायचं राहिलं, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला, याला आजार म्हणत नाहीत. पण चाळीस वर्षं हाताखालून गेलेल्या पुरणपोळीची पुढची पायरीच आठवेनाशी झाली, पैसे मोजता येईनासे झाले, सुनेला 'तू कोण' असं विचारलं, तर ते वेगळं आहे. रोजचं जगणं अडेल इतकी बुद्धी आणि स्मरणशक्ती कमी होते तेव्हा त्याला डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याची अनेक कारणं असतात. सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका महिलेच्या मेंदूत दोन गोष्टी दाखवल्या. पेशींच्या बाहेर साचलेला गाळ आणि पेशींच्या आत झालेला गुंता. आज आपण त्यांना अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांच्या नावांनी ओळखतो. हा गाळ लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचू लागतो. म्हणजे पासष्टीत दिसलेल्या आजाराची सुरुवात पंचेचाळिशीत झालेली असू शकते. या लेखातली जवळपास प्रत्येक गोष्ट या एका मुद्द्याभोवती फिरते.

मराठी प्रेक्षकांना हा आजार 'अस्तु' या सिनेमामुळे ओळखीचा झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या सिनेमात डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या विद्वानाची, चक्रपाणी शास्त्रींची भूमिका केली होती. आठवणी हरवलेले शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात. सिनेमातला रुग्ण पंडित होता, आकडेवारी मात्र वेगळीकडे बोट दाखवते. भारतातल्या ज्येष्ठांच्या 'लासी-डॅड' या अभ्यासाचे अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५.८ टक्के, तर बायकांमध्ये ९ टक्के. शहरात ५.३ टक्के, तर खेड्यात ८.४ टक्के. शिक्षण कमी तिथे प्रमाण जास्त.

बायकांमध्येच जास्त का?

पहिलं उत्तर सोपं आहे. बायका जास्त जगतात आणि वय हा अल्झायमरचा सगळ्यात मोठा धोका आहे. दुसरं उत्तर सामाजिक आहे. मराठवाड्यात आज सत्तरी-पंच्याहत्तरीत असलेल्या कितीतरी बायकांना शाळेचं तोंडही पाहायला मिळालं नाही. लहानपणीचं शिक्षण मेंदूला एक प्रकारची शिल्लक देतं, पुढे झीज झाली तरी ती काही काळ पुरते. ज्यांना ती मिळालीच नाही त्यांच्यात लक्षणं लवकर दिसतात.

तिसरं उत्तर हार्मोन्सचं आहे.

इस्ट्रोजेन हे हार्मोन फक्त पाळी आणि गर्भधारणेसाठी असतं असा आपला समज असतो. पण त्याचे ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप घेणारे रेणू, मेंदूतही असतात. आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागातही ते आहेत. मेंदूच्या पेशी साखर वापरून ऊर्जा तयार करतात, त्या कामात इस्ट्रोजेन मदत करतं. पेशींमधले जोड टिकवायला आणि मेंदूतला दाह आटोक्यात ठेवायलाही त्याचा हातभार लागतो. पाळी जाण्याच्या काळात ज्या बायका 'हल्ली डोकंच चालत नाही' अशी तक्रार करतात, ती मनाची समजूत नसते. बहुतेकींच्या बाबतीत हा त्रास तात्पुरता असतो आणि मेंदू नव्या परिस्थितीशी जुळवून घेतो.

भारतात नैसर्गिकरीत्या पाळी जाण्याचं वय सरासरी ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांमध्ये ते ५१ च्या जवळ असतं. पाळी जाताना अंडाशय काही वर्षं घेऊन हळूहळू थांबतात. ऑपरेशन करून दोन्ही अंडाशय काढले तर तीच गोष्ट एका दिवसात होते.

याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी पाहिलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, पाळी जाण्याआधी एक किंवा दोन्ही अंडाशय काढलेल्या बायकांमध्ये पुढे बौद्धिक क्षमता घटण्याचा किंवा डिमेन्शियाचा धोका जवळपास दीडपट आढळला. ऑपरेशनच्या वेळी वय जितकं कमी, तितका धोका जास्त. आणखी एक गोष्ट दिसली. दोन्ही अंडाशय काढल्यावर ज्यांना पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन दिलं गेलं, त्यांच्यात हा वाढीव धोका दिसला नाही.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा, कारण 'पिशवी काढली' या दोन शब्दांत तो दडून जातो. गर्भपिशवी काढणं आणि अंडाशय काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. इस्ट्रोजेन अंडाशयात तयार होतं, गर्भपिशवीत नाही. फक्त पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर पाळी थांबते, पण हार्मोन्स सुरू राहतात. तरी अशा बायकांचे अंडाशयही काही वर्षं आधी थकतात असं अभ्यासांमध्ये आढळलं आहे. दोन्ही काढले तर तिशीतली बाई हार्मोन्सच्या हिशेबाने रात्रीतून पन्नाशी ओलांडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीनुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातल्या ३.२ टक्के बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. ऑपरेशनच्या वेळचं मध्यक वय होतं ३७. म्हणजे निम्म्या जणींचं ऑपरेशन सदतिशीच्या आतच झालेलं.

हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत, त्यामुळे 'ऑपरेशन झालं म्हणजे अल्झायमर होणारच' असा अर्थ कुणी काढू नये. पिशवी काढलेल्या बहुसंख्य बायकांना अल्झायमर होत नाही. कॅन्सर, मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी हे ऑपरेशन जीव वाचवतं. वाद आहे तो औषधांनी बरं होणाऱ्या तक्रारींवर टाके घालण्याचा, आणि विचारल्याशिवाय अंडाशयही काढून टाकण्याचा.

बीडच्या प्रकरणानंतर त्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. २०२२ मध्ये केंद्राने अनावश्यक ऑपरेशन्स रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. ज्यांचं ऑपरेशन वीस वर्षांपूर्वीच होऊन गेलं, त्यांच्यासाठी यात काही नाही.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्या तर?

इंटरनेटवर या प्रश्नाचं उत्तर 'हो' आणि 'अजिबात नाही' अशी दोन्ही टोकं गाठतं. दोन्ही टोकांना आधार आहे, फरक वयाचा आहे.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ६५ वर्षांपुढच्या ४,५३२ बायकांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची एकत्र गोळी दिली होती आणि निम्म्यांना नुसती बिनऔषधाची. हार्मोन्स घेणाऱ्या गटात ४० जणींना डिमेन्शिया झाला, दुसऱ्या गटात २१ जणींना. धोका कमी होईल असं वाटलं होतं, तो दुप्पट झाला. पासष्टीनंतर मेंदूसाठी म्हणून हार्मोन्स सुरू करू नयेत, हे तेव्हापासून स्पष्ट आहे.

पाळी गेल्यावर लगेच सुरू केल्यास काय होतं, हेही 'कीप्स' नावाच्या चाचणीत तपासलं गेलं. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत नुकसान दिसलं नाही आणि बुद्धीला फायदाही दिसला नाही. त्यामुळे अल्झायमर टाळण्यासाठी म्हणून कुणीही ही गोळी सुचवत नाही. ती वाफा, घाम, झोपमोड यांसारख्या त्रासांसाठी असते, तीही डॉक्टरांनी तपासून दिलेली.

पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेलेल्या बायकांची गोष्ट वेगळी आहे. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांसारखी अडचण नसेल तर त्यांना पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हाडं आणि हृदय हे त्यामागचं मुख्य कारण. खेड्यातल्या बाईला मात्र ऑपरेशननंतर आठवडाभराच्या गोळ्या आणि 'जड उचलू नका' एवढंच सांगून घरी पाठवलं जातं.

दाह : न दिसणारी आग

आता दुसरा धागा. जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते. हा दाह, म्हणजेच इन्फ्लमेशन. शरीराच्या संरक्षणासाठी तो गरजेचा आहे. काम झालं की तो शांत होतो. पण पोटावरची चरबी, वाढलेली साखर, हिरड्यांचा जुना आजार, तंबाखू, धूर अशा कारणांनी शरीरात मंद आंच वर्षानुवर्षं तशीच राहते. ताप येत नाही, दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही.

मेंदूत सफाईचं काम मायक्रोग्लिया नावाच्या पेशी करतात. अमायलॉइडचा गाळ त्या उचलून नेतात. सतत चिथावलेल्या राहिल्या की त्यांचं सफाईकडे दुर्लक्ष होतं आणि त्या सोडत असलेल्या रसायनांनी शेजारच्या चांगल्या पेशीही होरपळतात. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर हा समतोल आणखी ढळतो, आणि इथे दोन धागे एकमेकांत गुंततात.

मग आग विझवणाऱ्या गोळ्या का देत नाहीत? देऊन पाहिल्या. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामक औषधांची ज्येष्ठांवर चाचणी झाली, अल्झायमर टळला नाही. हिरड्यांच्या जंतूंवर बेतलेलं औषधही चाचणीत फसलं. हळदीतल्या कर्क्युमिनचं तेच, प्रयोगशाळेत झकास, माणसांमध्ये ठोस फायदा नाही. भाजीत हळद जरूर घाला, पण शेकडो रुपयांच्या 'ब्रेन बूस्टर' कॅप्सूल घेण्याआधी हे आठवा.

एक निकाल मात्र खरोखर चकित करणारा आहे. नागीण या आजाराची लस वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून देऊ लागले, ती ठरावीक जन्मतारखेनंतरच्याच लोकांना. त्यामुळे काही दिवसांच्या फरकाने जन्मलेल्या, पण लस मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन गटांची तुलना आपोआप शक्य झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार लस घेतलेल्यांमध्ये सात वर्षांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी होतं, आणि हा परिणाम बायकांमध्ये जास्त ठळक होता. जंतूंमुळे होणारा दाह कमी झाल्याने हे घडलं असावं, असा एक अंदाज आहे.

चूल, मशेरी आणि साखर

मराठवाड्याच्या घरात ही आंच पेटती ठेवणाऱ्या गोष्टी ओळखीच्याच आहेत. सिलिंडर आला तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर, हे अनेक घरांत सुरू आहे. सरपण वापरणाऱ्या घरांतल्या ज्येष्ठांची, त्यातही बायकांची, स्मरण आणि आकलनाच्या चाचण्यांमधली कामगिरी कमी असल्याचं भारतीय आकडेवारीवरच्या अभ्यासांमध्ये दिसलं आहे. सकाळी दातांना लावली जाणारी मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरड्या खराब करते, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढवते आणि तिची सवय सुटत नाही.

साखरेचं थोडं सविस्तर बोलायला हवं. इन्सुलिन हेही हार्मोनच आहे आणि मेंदूलाही त्याची गरज असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय माणूस वरून बारीक दिसला तरी आतून, विशेषतः पोटात, चरबी बाळगून असतो. म्हणून 'मी काही जाड नाही, मला कशाला शुगर होईल' हा हिशेब आपल्याकडे चुकतो. मध्यम वयातला मधुमेह डिमेन्शियाचा धोका वाढवतो. पण इथेही जादूची गोळी हाती लागलेली नाही. मधुमेह आणि वजनासाठी गाजलेलं सेमाग्लुटाइड अल्झायमरची वाटचाल मंदावू शकलं नाही, असं कंपनीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं.

थायरॉइडची गोष्ट जरा दिलासा देणारी आहे. थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं तर माणूस सुस्त होतो, विसरतो, बोलणं मंदावतं, आणि घरच्यांना वाटतं अल्झायमरच झाला. शाकाहारी घरांमध्ये सर्रास आढळणारी बी-१२ ची कमतरताही असंच सोंग घेते. दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात आणि औषधाने सुधारतात.

धोका किती कमी करता येतो?

'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये धोक्याची १४ कारणं मांडली. ती सगळी दूर करता आली तर जगातली सुमारे ४५ टक्के डिमेन्शियाची प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात, असं ही समिती म्हणते. यादीत सगळ्यात वर आहेत कमी ऐकू येणं आणि वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल. मग शिक्षणाचा अभाव, एकटेपणा, नैराश्य, डोक्याला मार, प्रदूषित हवा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, अधू नजर, लठ्ठपणा, दारू. ४५ टक्के हा आकडा सगळ्या समाजाचा आहे. एखादी व्यक्ती सगळं नीट करूनही आजारी पडू शकते, तेव्हा रुग्णाला 'तूच काळजी घेतली नाहीस' असं म्हणणं चुकीचं ठरेल.

व्यायामाचा विषय निघाला की खेड्यात हमखास उत्तर येतं, 'दिवसभर रानात राबतो, तो काय व्यायाम नाही का?' प्रश्न रास्त आहे. नॉर्वेतल्या २०२३ च्या एका अभ्यासात, आयुष्यभर अंगमेहनतीचं काम केलेल्यांमध्ये उतारवयात डिमेन्शियाचा धोका कमी नव्हे, जास्त दिसला. अशा कामात विसावा नसतो, स्वतःच्या मर्जीने थांबता येत नाही आणि डोकं चालवायला वाव कमी असतो. स्वतःच्या वेळेत, गप्पा मारत केलेली अर्ध्या तासाची चाल वेगळी. श्रावणात शनिवारच्या आदल्या रात्री संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीपर्यंत हजारो लोक पायी येतात. पंचवीसेक किलोमीटरची ही वाट, सोबत माणसं, गाणी, गप्पा. मेंदूला हवं ते सगळं त्यात आहे. फक्त ते श्रावणापुरतं असतं.

खुलताबादमधून कुठे जायचं?

तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी गावच्या उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. खुलताबादला ग्रामीण रुग्णालय आहे. विसरणं वाढलंय अशी शंका असेल तर संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीची 'घाटी', हा जवळचा मोठा आधार. तिथे मनोविकार विभागात दाखवता येतं. 'आम्हाला काय वेड लागलंय का' म्हणून तो विभाग टाळला जातो, पण स्मृतिभ्रंशाची तपासणी हे त्यांच्या रोजच्या कामापैकी आहे. फोनवर बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ हे क्रमांक आहेत.

जाताना सोबत अशी व्यक्ती हवी जी रुग्णाबरोबर रोज राहते, कारण काय काय बदललं हे रुग्णाला स्वतःला सांगता येत नाही. सुरू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं न्यावीत. आणि पिशवी काढलेली असेल तर पाळी कितव्या वर्षी थांबली ते सांगावं, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी. ट्रंकेत तळाशी ठेवलेलं जुनं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर तेही न्यावं. त्यावर ऑपरेशनच्या नावापुढे 'बीएसओ' ही इंग्रजीतली तीन अक्षरं असतील तर दोन्ही बाजूंचे अंडाशयही काढलेले आहेत. घरातल्या एखादीचं हे ऑपरेशन अलीकडेच झालं असेल आणि तिचं वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर ते कार्ड आजच काढून पाहावं आणि इस्ट्रोजेनबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं.